भोंगेकाकांचा आवाज

"म्हणजे आतलं सगळं जाणार?" काकूंनी विचारलं.

दुरुस्तीवालीनं संगणकाचा काळा डबा स्वतःकडे ओढला, बटण दाबलं आणि पडद्यावर तेच आलं, जे कालपासून येत होतं. काळी पाटी, त्यावर पांढरी अक्षरं, मग नुसतंच गोल फिरणारं चक्र, मग पुन्हा काळी पाटी.

"सिस्टीम बिघडलीये. ती पुसून नवीन टाकावी लागेल," ती म्हणाली. "तशीच टाकली तर आतलं जाणार. म्हणून आधी तुमचं जे काही आहे ते बाहेर काढून घेऊ. काय काय आहे आत?"

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. काका बाकाच्या कडेला टेकले होते. गळ्याशी पातळ पांढरा रुमाल बांधलेला, आणि श्वासागणिक तो जरासा आत-बाहेर हलत होता. त्यांनी गळ्यात अडकवलेली वहीएवढी पाटी पुढे घेतली, पेनानं एकच अक्षर लिहिलं आणि पाटी तिच्यासमोर धरली.

मी.

"मी? म्हणजे तुमचे फोटो का, काका?"

"फोटो नाही गं बाई," काकू म्हणाल्या. "आवाज. यांचा आवाज आहे त्यात. होता नव्हता तेवढा सगळा."

काकांचं नाव घेऊन त्यांना कुणी हाक मारलेली काकूंनासुद्धा आठवत नव्हती. सगळं गाव त्यांना भोंगेकाका म्हणायचं. नोकरीला लागले तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत ते बसस्थानकावर एका काचेच्या खोक्यात बसून गाड्यांची घोषणा करत होते. कुठली गाडी कुठे लागली, कुठली उशिरा येणार, कुणाची पिशवी सापडली, कुणाचं मूल चुकलं. चुकलेल्या मुलासाठी ते घोषणा करत तेव्हा आवाज असा खाली आणत की रडणारी आईसुद्धा क्षणभर रडायची थांबे. एरवी मात्र खणखणीत. चालकांनी गमतीनं 'भोंगा' म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव अंगाला चिकटलं.

त्याच गळ्यात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा काकांनी पहिला प्रश्न विचारला होता, "मग मी हिच्याशी भांडू कसं?" डॉक्टर हसले. काकूही हसल्या आणि घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून बसल्या.

शस्त्रक्रियेच्या आधी, बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सुचवलं की रोजची लागणारी वाक्यं आत्ताच रेकॉर्ड करून ठेवा. काकांनी ते काम नोकरीच्या शिस्तीनं केलं. खिडकीला गोधडी लावली, पंखा बंद केला, काकूंना खोलीबाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. बाहेरच्या गावाला असलेल्या मुलीनं नंतर घरी येऊन ती सगळी वाक्यं संगणकावर नीट लावून दिली. पडद्यावरची एक खूण दाबली की एक वाक्य. चार फोल्डर, नावं काकांनीच दिलेली: घरातलं, दारातलं, फोनवरचं, आणि शेवटचं, रागाचं.

म्हणून तर शस्त्रक्रियेनंतर त्या घरात शांतता आली नव्हती. काका बाहेरच्या खोलीत बसून खूण दाबत आणि आवाज पार स्वयंपाकघरापर्यंत जाई, "अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?" आतून उत्तर येई, "डोक्यावर हात फिरवा जरा!" पुष्कळदा घाईत भलतीच खूण दाबली जायची. दारात आलेल्या शेजाऱ्याला "या, बसा" ऐवजी "दूध उतू चाललंय तिकडे!" असं ऐकू यायचं. शेजारी हसत बसायचा, काकाही हसायचे, नुसते खांदे हलवून.

"हे दुसरीकडेही ठेवा, बाबा," असं मुलगी दर फोनला म्हणायची. दोघंही हो म्हणायची. मग काल संगणकात काहीतरी नवीन भरलं जात असताना वीज गेली, आणि वीज आल्यावर संगणक उठलाच नाही.

दुकान एका जुन्या इमारतीच्या तळघरात होतं. पुढे बाक, मधे काचेची भिंत, काचेपलीकडे कामाची खोली. तिथे टेबलावर उघडे पडलेले डबे, तारा, नांगी टाकलेले पंखे. दुरुस्तीवालीनं काकांना आत बोलावलं आणि शेजारच्या स्टुलावर बसवलं.

"हे बघा काका. घराची पुढची कडी अडकलीये म्हणून घर पडलं असं नाही ना? आपण मागच्या दारानं जाऊ." तिनं एक छोटा ड्राईव्ह डब्यात खोचला, त्यावरनं दुसरीच कुठलीतरी सिस्टीम सुरू केली. पडदा निळसर झाला. तिनं एकेक खूण उघडत नेली आणि अचानक ती चार नावं समोर आली. एकाखाली एक.

काकांनी पडद्यावर बोटच ठेवलं.

"हेच? मग जिवंत आहे सगळं," ती म्हणाली. काकूंनी काचेपलीकडून दोन्ही हात जोडले.

तिनं बाहेरची एक डिस्क जोडली आणि उतरवून घ्यायला सुरुवात केली. पडद्यावर हिरवी पट्टी सरकू लागली. थोडी सरकली आणि थांबली. पुन्हा सरकली, पुन्हा थांबली. डब्यातून कुणीतरी दात खावेत तसा आवाज येऊ लागला. दुरुस्तीवालीनं कान डब्याला लावला. तिच्या कपाळावरची आठी काकांनी पाहिली.

"डिस्कही कुरकुरतेय," ती म्हणाली. "नुसती सिस्टीम नाही, हिचंही वय झालंय. चालू राहील तोवर राहील. मला दुसरी तार हवी, म्हणजे जोर न लावता उतरवता येईल. पलीकडच्या गल्लीतून घेऊन येते. तुम्ही बाहेर बाकावर बसा, काका. इथे वारा लागू देऊ नका तिला, हात तर मुळीच नको."

ती गेली. तळघरात फोन लागत नव्हता, म्हणून काकू मुलीला कळवायला जिना चढून वर गेल्या. काका बाकावर एकटेच उरले.

काचेतून त्यांना पडदा दिसत होता. हिरवी पट्टी अर्ध्याच्या थोडी अलीकडे होती. ते तिच्याकडे असे बघत होते, जसं कुणी शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दारावरच्या दिव्याकडे बघतं. थोड्या वेळानं पडदा आपोआप विझला. विझला, पण डब्याचा दिवा लुकलुकत होता. चालू आहे, त्यांनी स्वतःला सांगितलं. चालू आहे.

जिन्यावरून एक माणूस उतरला. दुकानाचा भागीदार. कानांवर हेडफोनचे मोठे गोळे लावलेले, त्यातून सामन्याचं धावतं वर्णन बाहेरपर्यंत येत होतं. त्यानं काकांना मान हलवून नमस्कार केला, आत गेला, दार ओढून घेतलं. दाराला आतून खटका होता. तो पडला.

भागीदारानं टेबलाभोवती नजर फिरवली. काकांच्या डब्यावर दुरुस्तीवालीनं चिठ्ठी चिकटवली होती, 'नवी सिस्टीम टाकणे'. पडदा विझलेला. त्यानं चिठ्ठी वाचली, काकांकडे पाठ करून खुर्ची ओढली, आणि डब्याचं बटण दाबून धरलं.

लुकलुकणारा दिवा बंद झाला.

काका उठले. त्यांनी दार ढकललं. दार हललं नाही. मग काचेवर हात मारला, एकदा, दोनदा, आणि मग दोन्ही तळव्यांनी. भागीदाराची मान तिकडे कुणाच्या तरी फलंदाजीवर डुलत होती. पडदा उजळला. आता तो निळसर नव्हता. त्यावर एक चौकोन आला, त्यात डिस्कचे भाग एकाखाली एक मांडलेले. हा चौकोन काय असतो, हे दुरुस्तीवालीनं त्यांना मघाशीच बोलता बोलता सांगितलं होतं. त्यात 'पुसा' म्हटलं की पुसलं.

काकांनी ओरडायला तोंड उघडलं.

सवय ती सवय. छाती भरली, पोट आत गेलं, मान ताठ झाली. ज्या आवाजानं अख्खं बसस्थानक एका क्षणात मागे वळायचं, तो आवाज काढायला लागणारं सगळं शरीर जागच्या जागी तयार झालं. आणि गळ्यावरच्या भोकातून नुसती हवा बाहेर आली. रुमाल फडफडला. बस्स.

त्यांनी पाटीवर 'थांबा' लिहिलं, काचेला लावलं. पण ते वाचायला डोळे पाठीला नसतात. त्यांनी पाटीची कड काचेवर आपटली, पाटीचा कोपराच उडाला. भागीदारानं न वळताच एक हात वर करून पंजा दाखवला. पाच मिनिटं, काका. दुसऱ्या हातातला माऊस हलला. यादीतला एक भाग गेला.

जिना चढून काकूंना आणायचं तर तेवढ्यात सगळा खेळ खलास. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. शटरच्या बाजूला भिंतीवर विजेचं खोकं होतं आणि त्यात दुकानाचा मुख्य खटका.

ते खोक्यापर्यंत पोचले आणि तिथेच थबकले. विजेनंच तर घात केला होता. वीज गेली आणि संगणक गेला. आता ही कुरकुरणारी डिस्क, तिची वीज आपल्याच हातानं तोडायची? तोडली आणि ती पुन्हा फिरलीच नाही तर? मग हे कुणी केलं, असं कुणी विचारलं तर दुसरीकडे बोट दाखवता येणार नव्हतं. हात खटक्यावर होता. श्वास गळ्यातून शिट्टीसारखा वाजत होता. त्यांनी मागे वळून काचेकडे पाहिलं. भागीदारानं माऊस यादीतल्या दुसऱ्या भागावर नेला होता.

काकांनी खटका खाली ओढला.

तळघर काळंठिक्कर झालं. पंखे घरघरत थांबले. आतून खुर्ची पडल्याचा आवाज आला आणि मग भागीदाराचा, "अरे कुणाच्या अंगात आलंय? कोण आहे तिकडे?"

दुरुस्तीवाली आणि काकू एकदमच जिना उतरल्या. दुरुस्तीवालीच्या हातातल्या फोनच्या उजेडात काका दिसले. भिंतीला पाठ लावून खाली बसलेले, एक हात वर खटक्यावर तसाच. त्यांच्याकडून तो सुटत नव्हता. काकूंनी एकेक बोट सोडवलं.

"पडदा बंद होता," भागीदार म्हणत होता. "चिठ्ठी होती ना, सिस्टीम टाकणे म्हणून. मी म्हटलं, राहिलं असेल..."

"तुझ्या कानात काय बोळे घातले होते का?" दुरुस्तीवाली ओरडली. खटका वर केल्यावर बराच वेळ ती डब्याला काही जोडेचना. काकूंनी अखेर विचारलं, "काय झालं ते सांग तरी."

"काकू, आता मी खोटं बोलणार नाही. एक भाग यानं पुसलाय. म्हणजे यादीतून काढलाय. पाटी पुसली तरी खडूचं थोडं उरतं, तसं असतं ते. शोधता येतं. पण डिस्क आजारी, त्यात मधेच वीज गेली. वीज गेली नसती तर मात्र काहीच उरलं नसतं." ती काकांकडे वळली. "तुम्ही बरोबर केलंत. पण मला दोन दिवस द्या. शब्द देत नाही, प्रयत्न करते."

ते दोन दिवस घरात कुणी कुणाला हाक मारली नाही.

काकांना भलतीच भीती लागली. खुर्चीत बसून ते आपला आवाज आठवायचा प्रयत्न करत. शब्द आठवत, वाक्यं तोंडपाठ होती, पण ज्या आवाजात ती उमटत तो त्यांचा वाटेना. कधी डॉक्टरांचा वाटे, कधी रेडिओवरच्या बातम्यांसारखा. स्वतःचा आवाज माणूस आतून ऐकतो, बाहेरून त्याला तो कधी माहीतच नसतो, हे त्यांना बसस्थानकावरच्या पहिल्या दिवशी कळलं होतं. लाऊडस्पीकरवर स्वतःला ऐकून ते दचकले होते. आता आतला गेला होता आणि बाहेरचा तळघरात पडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काही न सांगता ते बसस्थानकावर गेले. काचेच्या खोक्यात आता कुणी बसत नव्हतं. यंत्रातून एका बाईचा आवाज येत होता, गाडी लागली तरी तोच, गाडी रद्द झाली तरी तोच. काकांनी नियंत्रकासमोर कोपरा तुटलेली पाटी धरली: 'जुन्या घोषणांच्या टेप आहेत का? माझ्या?'

नियंत्रक नवा नव्हता. तो उठून उभा राहिला. "यंत्र बसवलं तेव्हा सगळं भंगारात गेलं हो, काका. मी तेव्हा म्हणालो होतो, निदान एखादी तरी..." काकांनीच त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि पाटीवर लिहिलं, 'असू दे. गाडी आली बघ.'

घरी आले तर काकू दारातच उभ्या.

"कुठे गेला होतात न सांगता? जीव टांगणीला लावायचा नुसता! मी काय समजायचं?"

काका सवयीनं बाहेरच्या खोलीतल्या टेबलाकडे गेले. तिथे संगणकाच्या जागी धुळीचा चौकोन होता. काकूंनी ते पाहिलं. भांडण तिथेच अडून राहिलं.

दुपारी फोन आला. दुरुस्तीवालीनं एवढंच म्हटलं, "या."

तळघरात भागीदारानं त्या दोघांसाठी आधीच दोन खुर्च्या आत मांडून ठेवल्या होत्या. कानांवरचे गोळे कुठे दिसत नव्हते. दुरुस्तीवालीचे डोळे लाल झाले होते.

"नावं गेली होती सगळी. नुसते आकडे उरलेत. मी ऐकलं नाही, काका. तुमचं तुम्हीच पहिल्यांदा ऐका म्हटलं." तिनं एक खूण दाबली.

"अगं, आलो मी. दार उघड."

काकूंनी तोंडाला पदर लावला. काका नुसते ऐकत होते. आपण मेलो नाही, हे दुसऱ्या कुणीतरी येऊन सांगावं, तसं त्यांचं तोंड झालं होतं. पुढची खूण. "हॅलो, कोण बोलतंय? जरा मोठ्यानं बोला." त्याच्या पुढची. "या, बसा. हिला सांगतो चहा ठेवायला." एकामागून एक आवाज येत गेले, काही मधेच तुटलेले, काही खरखरणारे, पण त्यांचेच. भागीदार भिंतीकडे तोंड करून उभा होता.

बऱ्याच वेळानं खुणा संपल्या.

"पुढचं लाव," काकू म्हणाल्या.

"एवढंच आहे, काकू."

"एवढंच कसं? अजून आहेत की. ते 'डोकं खाऊ नकोस माझं'. ते 'तुझ्या माहेरच्यांचं मला सांगू नकोस'. ते कुठेत?"

दुरुस्तीवालीनं काकांकडे पाहिलं. काकांनी सावकाश पाटीवर लिहिलं, 'रागाचं'.

"ते फोल्डर..." ती म्हणाली. "डिस्क जिथे कुरकुरत होती ना, नेमकं तिथेच होतं ते. तिथलं मला काही काढता आलं नाही. सगळ्या युक्त्या करून पाहिल्या."

आणि दोन दिवस डोळ्यांतून टिपूस न काढलेल्या काकू एकदम रडायलाच लागल्या. हुंदके देऊन, लहान मुलीसारख्या. दुरुस्तीवाली गडबडली. "काकू, अहो, चांगलं चांगलं सगळं राहिलंय की! गोड बोलणं सगळं राहिलंय!"

"गोड काय, कुणीही बोलतं गं!" काकू म्हणाल्या. "दारात आलेल्या माणसाशीही हे गोडच बोलायचे. रागावायचे ते फक्त माझ्यावर. ते माझं होतं."

काकांनी मान खाली घातली. पाटी मांडीवर उलटी पडली होती. तिच्यावर ते नुसताच हात फिरवत राहिले.

नवी सिस्टीम घातलेला संगणक दुसऱ्या दिवशी घरी आला. आवाज आता तीन ठिकाणी होते, एक संगणकात, एक मुलीकडे, एक कपाटात कपड्यांच्या घडीखाली. चष्म्याची हाक पुन्हा सुरू झाली, शेजारी पुन्हा हसायला लागला. पण काहीतरी लंगडत होतं. काकू काही बोलल्या की काकांचा हात टेबलाकडे जाई आणि परत येई. काकूही मग शब्द जपून टाकायला लागल्या. ज्याला उलट बोलता येत नाही त्याला काय टोचायचं, असं त्यांना वाटत असावं. घर पाहुण्यांच्या घरासारखं झालं.

मग एका दुपारी काका दिवाणाखाली, खुर्चीमागे, कपाटावर काहीतरी शोधत फिरू लागले. काकू भांडी पुसत बाहेर आल्या.

"काय हवंय?"

त्यांनी हातानं मासिकाचा आकार करून दाखवला.

"तो अंक होय? शेजारी मागत होते, देऊन टाकला."

काका ताठ झाले. पाटी पुढे ओढली. पेन इतकं दाबून चाललं की चरचर आवाज आला. त्यांनी पाटी काकूंच्या नाकासमोर धरली.

काकूंनी भांडं खाली ठेवलं. चष्मा नीट केला. आणि मोठ्यानं वाचलं, "मी वाचला नव्हता तो अजून. माझ्या वस्तू द्यायच्या आधी विचारायला तोंड नाही का तुला?"

काकांनी मान हलवली. नाही, तसं नाही. तळवा वर वर नेत त्यांनी खूण केली. मोठ्यानं. आणि 'तोंड' या शब्दाखाली जाड रेघ ओढली.

काकूंनी छाती भरून घेतली. या वेळी वाक्य खणखणीत आलं, 'तोंड'वर जोर देऊन, शेवटी आवाज वर चढवून, अगदी शेजाऱ्यांना ऐकू जावं असं. काकांनी मान डोलावली. हं, असं.

"मग महिनाभर लोळत होता तो टेबलावर, त्याचं काय लोणचं घालायचं होतं?" काकू स्वतःच्या आवाजात कडाडल्या.

काकांनी बाहीनंच पाटी पुसली आणि ते तावातावानं खाली वाकून लिहायला लागले. काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, काय वाचायचं आहे त्याची वाट बघत.